जिताड्याच्या पोटातली जीभ राहू दे, लखनौ काढ

प्रिय ताई,
मी ३२ वर्षांचा, कोपरखैरण्याला राहतो, महापे एमआयडीसीत एका कंपनीत डिस्पॅचला आहे. गेली चार वर्षं ठाणे-नवी मुंबईतल्या हॉटेलांबद्दल आणि खानावळींबद्दल टोपणनावाने लिहितो, फॉलोअर्स आता ४१ हजार झालेत. सुरुवातीला गंमत म्हणून मी त्या टोपणनावाची एक जीवनकथा रचली. हा समीक्षक पनवेलच्या एसटी कॅन्टीनमध्ये वड्यांचा घाणा चालू असताना जन्मला आणि रडायच्या ऐवजी 'मीठ कमी आहे' म्हणाला. तिसऱ्या वर्षी एका संस्थानिकाने दत्तक घेतला, कारण तो नुसत्या वासावरून सांगायचा की वरण पितळेच्या पातेल्यात शिजलंय का मातीच्या. आठव्या वर्षी चाच्यांनी पळवला, तिथे त्याने सोलकढी करून जीव वाचवला. मग एकदा बोलता बोलता त्याची जीभच समुद्रात पडली आणि सात वर्षांनी अलिबागला जिताडा माशाच्या पोटात सापडली. लोकांना फार आवडलं, मी दर महिन्याला एक भाग वाढवत गेलो.
पण मधे एका हॉटेलवाल्याने मला तोंडावर विचारलं, तू कोण रे आम्हाला शिकवणारा. ते लागलं. त्या रात्री मी कथेत एक ओळ घातली की 'लखनौला एका जुन्या खानसाम्याच्या हाताखाली सहा वर्षं उमेदवारी केली'. ताई, मी लखनौला कधीच गेलेलो नाहीये.
घणसोली गावात एक मावशी घरगुती आगरी खानावळ चालवतात. मी लिहिलं होतं की मटणाचा रस्सा पातळ आहे, मसाला अंगावर येतो, काजूची पेस्ट आणि थोडा केवडा घातला तर बॉडी येईल. परवा गेलो तर त्यांनी खरंच तसं करायला घेतलंय. थाळी १८० ची २२० झालीये, रोजची माणसं कमी झालीत. मला म्हणाल्या, दादा तुम्ही लखनौला शिकलेले, तुम्ही सांगितलंत म्हणून केलं, आता माझ्या पोराला पण शिकवा. मी हो म्हणून आलो. त्यात एका फूड फेस्टिव्हलवाल्यांनी जज म्हणून बोलावलंय, स्टेजवर ओळख वाचणार आहेत, त्यात लखनौ आहेच. बायको म्हणते सगळं खरं सांग नाहीतर अकाउंट बंद कर. सगळंच पुसून टाकू का?
– एक खवय्या, कोपरखैरणे
(पत्र लांब होतं, इथे थोडं कापून दिलंय.)

अरे खवय्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि पहिल्यांदा सांगते ते हे की पुसू नकोस. तू आणि तुझी बायको दोघंही 'सगळं' म्हणताय तिथेच गडबड होतेय, कारण तुम्ही दोघांनी एसटी कॅन्टीन, संस्थानिक, चाचे, जिताडा आणि लखनौ हे सगळं एकाच डब्यात भरलंय, आणि मला विचारशील तर त्यातलं लखनौ सोडून बाकी काहीच खोटं नाहीये. म्हणजे घडलेलं नाहीये हे खरं, पण खोटंही नाही. जन्मल्या जन्मल्या 'मीठ कमी आहे' म्हणणारं पोर वाचून घणसोलीच्या मावशी काय, पाचवीतला मुलगाही म्हणणार नाही की बघू बरं याचा जन्मदाखला. जिताड्याच्या पोटातली जीभ वाचून मला शकुंतलेची अंगठीच आठवली आणि इतका आनंद झाला की मी शेजारच्या वहिनींना फोन करून ते वाचून दाखवलं. आपल्याकडे आजी गोष्ट सांगायची तेव्हा म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून परत यायचीच की, टुणुक टुणुक. कुणी आजीला खोटारडी म्हटलं नाही.

त्या गोष्टीने कुणाचं काही वाकडं केलं नाही. वाकडं केलं ते त्यातल्या सगळ्यात साध्या, सगळ्यात खऱ्या वाटणाऱ्या ओळीने. सहा वर्षं, लखनौ, खानसामा. त्यात काहीही चमत्कारिक नाही आणि म्हणूनच ती ओळ गिळली गेली. तू लिहिलंयस की आधी इतकं अचाट लिहिलं होतं त्यात ही एक बारीकशी ओळ कुणाच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं. पण बघ ना, लक्षात राहिली तर तीच राहिली. मावशींनी तुला 'दादा, चाच्यांनी पळवलं तेव्हा भीती वाटली का' असं विचारलं नाही, त्यांनी लखनौच धरलं, कारण ज्या बाईला रोज चूल पेटवून घर चालवायचंय ती शिकलेल्या माणसाचा शब्द मानणारच.

आता तो हॉटेलवाला. 'तू कोण रे' हे ऐकून पोटात कालवलं असेल ते मी समजू शकते, आणि त्याने विचारलं ते उर्मटपणे विचारलं असेल पण प्रश्न बरोबर होता, त्याला उत्तर द्यायला हवंच होतं. फक्त तू चुकीचं उत्तर दिलंस. तुला वाटलं त्याला सर्टिफिकेट हवंय. न्यूयॉर्क टाइम्समध्ये १९५७ साली क्रेग क्लेबोर्न नावाचा माणूस खाद्यविभागाचा संपादक म्हणून आला, हॉटेलांच्या परीक्षणाला शिस्त लावणारा म्हणून त्याचं नाव घेतात. तो खरोखर स्वित्झर्लंडला हॉटेलच्या शाळेत शिकलेला होता, म्हणजे तुझ्या लखनौसारखं त्याच्याकडे सांगायला होतं आणि ते खरं होतं. पण त्याच्या शब्दाला वजन आलं ते त्याने पाळलेल्या नियमांमुळे: ओळख न देता जायचं, एकदा नाही तर पुन्हा पुन्हा जायचं, आणि बिल पेपरने भरायचं. हॉटेलांना मिळणारे मिशेलिनचे स्टार ज्यांचे, ती तर टायरची कंपनी, १९०० साली गाडीवाल्यांसाठी पुस्तिका काढली आणि १९२६ पासून स्टार द्यायला लागले, आणि आजही त्यांचे इन्स्पेक्टर कोण आहेत ते कुणाला ठाऊक नसतं. 'आम्ही कोण' हे ते सांगतच नाहीत, आम्ही कसं जेवतो ते सांगतात.

तर त्या हॉटेलवाल्याला तुझं उत्तर असं होतं, की साहेब मी डिस्पॅचला आहे, तुमच्याकडे तीनदा आलो, एकदा पगाराच्या दिवशी एकदा महिनाअखेर, तिन्ही वेळा पैसे दिले आणि तिन्हीदा तुमची पोळी चामट होती. यावर कोण काय बोलणार? पत्रात तू लिहिलेलं नाहीस म्हणून विचारते, घणसोलीच्या मावशींकडे लिहिण्याआधी किती वेळा जेवला होतास? माझा अंदाज आहे एकदाच. चूक असेल तर सांग, मी माफी मागेन.

तुझा दुसरा एक मुद्दा होता, की समीक्षकाने वेष बदलणं, खोटं नाव घेणं चालतंच की, मग मीच काय वेगळं केलं. चालतं, खरंय. न्यूयॉर्क टाइम्समध्येच १९९३ मध्ये हॉटेलांच्या समीक्षक म्हणून रुथ रायशल आल्या, त्या येण्याआधीच हॉटेलांच्या किचनमध्ये त्यांचे फोटो लावलेले होते, मग त्या विग लावून, कपडे बदलून, अख्खं दुसरंच माणूस होऊन जायच्या, त्या माणसाला नाव, गाव, नवरा, सगळं असायचं. एका बड्या फ्रेंच रेस्टॉरंटला त्या साध्या बाईच्या वेषात गेल्या तर धड वागवलं नाही, आणि ओळखल्या गेल्या तेव्हा राणीसारखी बडदास्त, अगदी ताटातल्या रासबेरीसुद्धा मोठ्या झाल्या. त्यांनी दोन्ही अनुभव शेजारी शेजारी छापले आणि त्यांच्याच पेपरने आधी दिलेल्या चार स्टारचे तीन केले. आता बघ, खोटं नाव तिथेही आहे, पण ते हॉटेलपासून लपण्यासाठी आहे, आणि वाचकाला त्यांनी स्वतःच सगळं सांगून टाकलंय. तुझं बरोब्बर उलटं झालंय रे, हॉटेलवाल्याला तुझा चेहरा माहितीये कारण तू व्हिडिओत दिसतोस, आणि लपवलंस ते वाचणाऱ्यापासून आणि रांधणारीपासून.

आणि आपल्या मुंबईतलंच बघायचं तर बेहराम कॉन्ट्रॅक्टर, बिझी बी या नावाने लिहायचे, १९८५ मध्ये त्यांनी स्वतःचा सांजपेपर काढला. त्यांच्या सदरात बोल्शॉय नावाचा त्यांचा बॉक्सर कुत्रा चक्क बोलायचा, मतं मांडायचा. आणि हाच माणूस हॉटेलांबद्दलही लिहायचा आणि लोक ते वाचून जेवायला जायचे. कुणी म्हटलं नाही की ज्याचा कुत्रा बोलतो त्याच्या पारशी धनसाकवर काय विश्वास ठेवायचा, कारण कुत्रा कुठे संपतो आणि धनसाक कुठे सुरू होतं हे वाचणाऱ्याला कळत होतं. तुझा जिताडा बोल्शॉयच्या जातीचा आहे. लखनौ नाही.

आता मावशींच्या रश्श्याकडे येते, कारण खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटलं, तुझ्या बायोपेक्षा कितीतरी जास्त. तू लिहिलंस 'रस्सा पातळ, बॉडी नाही'. अरे तो पातळच असतो! तो तांदळाच्या भाकरीबरोबर खायचा असतो, भाकरी चवीला शांत आणि कोरडी, ती कुस्करली की तिने रस्सा प्यायला हवा, घट्ट काजूची ग्रेव्ही भाकरीवर नुसती लेपासारखी बसते, आत जात नाही. तिखटपणा अंगावर येतो म्हणालास, पण त्या घासात अर्धी भाकरी असते, भात असतो, बाजूला सोलकढी असते, रस्सा एकटा वाटीतून चमच्याने पिऊन त्याचं तिखट मोजायचं नसतं. आणि तो मसाला मार्च-एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवून, एकेक जिन्नस वेगळा भाजून, वर्षाचा करून ठेवलेला असतो, घरोघरी त्याचं प्रमाण वेगळं आणि सासूकडून सुनेकडे आलेलं. लखनवी जेवणात सुगंध पुढे आणि तिखट मागे, केवडा, अत्तर, दमावर मंद शिजवणं, फार सुंदर आहे ते, पण ते दुसरं घर आहे. एकाच्या घरातला पडदा दुसऱ्याच्या खिडकीला आखूड पडणारच.

ठाण्यात मामलेदारची मिसळ खाताना बाहेरगावचा माणूस डोळ्यातलं पाणी पुसत म्हणतो की एवढी तिखट कशाला, यात पोहे का नाहीत, दही का नाही. त्याला हवं ते दुसरीकडे छान मिळतं की. जो पदार्थ समोर आहे त्याला स्वतःला काय व्हायचंय हे आधी ओळखायचं आणि मग तो तसा झालाय की नाही ते सांगायचं, एवढंच समीक्षकाचं काम आहे असं मला वाटतं, आणि त्यासाठी लखनौला जावं लागत नाही, घणसोलीला मात्र चार वेळा जावं लागतं.

आणखी एक गोष्ट मनात घे. १९७० साली शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, शेतं गेली, मिठागरं गेली, खाडीतली मासेमारी आटत गेली, आणि सेक्टर आणि टॉवर आले. गावठाणात जी घरं उरली त्यातल्या कितीतरी बायकांनी घरच्या चुलीवरचं जेवण विकायला सुरुवात केली आणि आज ऐरोली-महापेच्या कंपन्यांमधली पोरं दुपारी तिथे जेवतात, तूही त्यातलाच. त्या बाईकडे तिच्या हातचं जे स्वतःचं म्हणून राहिलंय ते हे वाटण आहे. तू ते एका ओळीवर बदलायला लावलंस. मी रागावून नाही म्हणत, पण तुला कळावं म्हणून स्पष्ट म्हणतेय.

माझंही सांगते, कारण तुला वाटेल ही बाई वरून बोलतेय. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी ठाण्यातल्या एका साप्ताहिकात खाण्यावर लिहायचे. जाहिरात आली की त्या हॉटेलवर लेख, असा तिथला रिवाज होता. एका ठिकाणी मी फक्त चहा प्यायले आणि संपादकांच्या सांगण्यावरून तिथल्या जेवणाची अर्धं पान स्तुती लिहिली. आमच्याच सोसायटीतल्या एका काकांनी ते वाचून मुलीच्या साखरपुड्याचं जेवण तिथे ठरवलं. पनीर आंबलेलं होतं, मुलाकडची माणसं ताटावरून उठली. काकांनी मला कधी एक शब्द विचारला नाही, जिन्यात भेटले की नमस्कार करायचे, आणि मी दोन वर्षं त्यांच्या दारावरून जाताना चप्पल न वाजवता जायचे. शेवटी गेले आणि सांगितलं की मी तिथे जेवलेच नव्हते. काकू म्हणाल्या, आम्हाला वाटलंच होतं. तुझी लखनौची ओळ वाचली तेव्हा मला तो जिना आठवला, म्हणून तुला दोन वर्षं लावू देणार नाहीये.

तर असं कर. आधी मावशींकडे जा, पोस्ट नंतर. हा क्रम उलटा करू नकोस प्लीज, कारण ४१ हजार लोकांसमोर खरं बोललं की टाळ्या पडतात, आणि मावशींना ते कुणाच्या तरी मोबाइलवरून कळलं तर त्यांना वाटेल आपली शोभा झाली. सोमवार-गुरुवार नको, बऱ्याच घरी त्या दिवशी मटण नसतं, रविवारी गर्दी असते. बुधवारी अडीच-तीनला जा, जेवणावळ उरकल्यावर. बायकोला घेऊन जा हवं तर. बस आणि सांग की मावशी, मी लखनौला कधी गेलो नाही, ते मी मोठेपणासाठी लिहिलं होतं, आणि तुमच्या रश्श्याबद्दल मला कळत नव्हतं, तुमचा आधीचा रस्सा बरोबर होता. एवढंच. 'गंमत होती' असं म्हणू नकोस, कारण ती ओळ गंमत नव्हती, आणि तुलाही ते माहितीये. त्या चिडतील, कदाचित रडतील, कदाचित म्हणतील असूदे रे. काहीही म्हणाल्या तरी ऐकून घे. काजू, केवड्यावर किती खर्च झाला ते विचार आणि तो दे, घेणार नाहीत पण तू दे, पोराच्या हातात दे.

मग पोस्ट. जितक्या ठळकपणे 'रस्सा पातळ' लिहिलं होतंस तितक्याच ठळकपणे चूक लिही, स्टोरीत टाकून चोवीस तासांनी गायब होईल असं नको. लखनौची ओळ काढ आणि काढलीये हे पण सांग. आणि बायोमध्ये पहिल्याच ओळीत दोन वाक्यं टाक: ही जीवनकथा रचलेली आहे, जेवण आणि बिल खरं आहे. त्याखाली तुझे चाचे आणि संस्थानिक खुशाल नांदू देत. लोक सोडून जातील ही भीती तू पत्रात दोनदा लिहिलीयेस, जातील काही, जाऊ देत.

बिलावरून आठवलं, तू एका ठिकाणी ओझरतं लिहिलंयस की दोन-तीन हॉटेलांनी पैसे घेतले नाहीत आणि तू तसं कुठे सांगितलं नाहीस. ते पण निस्तर. आता हे नुसतं शिष्टाचाराचं राहिलेलं नाही, जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने इन्फ्लुएन्सर लोकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, पैसे घेतले, फुकट जेवलात, काहीही मिळालं असेल तर पोस्टमध्येच, त्याच भाषेत, सहज दिसेल असं सांगायचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ती करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड आहे. घाबरवत नाहीये, पण त्या जुन्या पोस्टवर आजच लिहून टाक की इथे मी फुकट जेवलो होतो.

फेस्टिव्हलवाल्यांना आज रात्रीच ईमेल कर, स्टेजवर ओळख वाचून झाल्यावर नाही. लिही की मी डिस्पॅचला काम करतो, चार वर्षं अमुक इतक्या ठिकाणी जेवून लिहिलंय, शेफचं कुठलंही शिक्षण नाही, लखनौचा उल्लेख खरा नाही तो काढा, आणि तरीही जज म्हणून हवा असेन तर येतो. नाही म्हणाले तर वाईट वाटेल, त्या दिवशी बायकोला घेऊन ठाण्याच्या तलावपाळीला जा, भेळ खा. पण मला वाटतं ते हो म्हणतील, कारण अशा स्पर्धेत जेवण करणाऱ्या बऱ्याच जणी तुझ्यासारख्या डबा घेऊन लोकलने जाणाऱ्या माणसांसाठीच रांधत असतात.

२०१७ मध्ये लंडनला ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने घराच्या आवारातली शेड रेस्टॉरंट म्हणून एका रिव्ह्यूच्या साइटवर टाकली, मित्रांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले, आणि ती शेड अख्ख्या लंडनमध्ये पहिल्या नंबरला गेली, तिथे एक ताटही वाढलं जात नव्हतं आणि लोक टेबलासाठी फोन करत होते. मग त्याने स्वतःच सगळं उघड केलं. मी हे तुला अशासाठी सांगतेय की लोक विश्वास किती पटकन ठेवतात ते बघ, घरबसल्या, न जेवता. तुझ्याकडे तो विश्वास ४१ हजारांचा आहे आणि तुझ्याकडे जीभही बरी आहे, तू मागे पत्राबरोबर पाठवलेलं कोपरखैरण्याच्या सुकटीच्या चटणीवरचं लिखाण मला फार आवडलं, त्यात तू लिहिलंयस की 'दुसऱ्या दिवशी बोटांना वास होता आणि मी हात धुतले नाहीत'. हे लिहिणाऱ्याला लखनौ कशाला हवंय, मला खरंच समजत नाही.

आणि शेवटचं, मावशींच्या पोराला शिकवायचं कबूल करून आलायस ना, तो शब्द मोडू नकोस. बुधवारी त्याला विचार, आई वाटण भाजते तेव्हा तू कुठे असतोस, मोबाइलवर ना. मग दोघं तिच्या शेजारी बसा, खोबरं किती लाल करायचं, कांदा कधी उतरवायचा, मसाला तेलात कधी जातो, ते ती सांगेल ते तो करेल आणि तू लिहून घे, प्रमाणासकट, तिच्यासाठी, पेजसाठी नाही. ती हो म्हणाली तरच पेजवर. रस्सा परत पातळ झाला की मला कळव, ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने घणसोली चौथं स्टेशन आहे, मी आणि शेजारच्या वहिनी दोघी जेवायला येतो, आमचं बिल आम्ही भरू.

तुझी,
ताई